ॲन्ड्रियामोझॅक: घरच्यांच्या फोटोंतून स्वतःचा चेहरा, फुकटात, पण मेहनत आहे

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. घरातल्या फोटोंचे बारीक बारीक चौकोन लावून त्यातून स्वतःचा चेहरा उभा करायचा असेल, म्हणजे फोटोंचा मोझॅक, आणि हाताशी एखादा बरा लॅपटॉप असेल तर ॲन्ड्रियामोझॅक डाउनलोड करा आणि निवांत बसा. पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो खरं तर सॉफ्टवेअरचा नाहीच, आमच्या घरच्या फोटोंचा आहे, कारण आमच्या सगळ्या खानदानाने इतक्या वर्षांत फोटो काढले ते फक्त मांडवात नाहीतर ट्यूबलाइटखाली, त्यामुळे हिरवा आणि निळा रंग स्टॉकमध्येच नाही.

तर हे ॲन्ड्रिया डेन्झलर या प्रोग्रामरने बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं आणि मॅकवर पण. तुम्ही एक मुख्य फोटो द्यायचा, सोबत बाकीच्या फोटोंची फोल्डरं द्यायची. ते मुख्य फोटोचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनात कुठे गडद कुठे फिकं, कुठला रंग हे बघतं, आणि तुमच्या ढिगातून त्याला सगळ्यात जवळचा फोटो शोधून तिथे बसवतं. जवळ गेलं की बारसं, मुंज, हळद, डोहाळजेवण, आणि चार पावलं मागे आलं की तुम्ही. बस एवढंच.

मला हा स्वतःचाच करायचा होता, पन्नाशी आली म्हणून. आत्याला कळल्यावर तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "स्वतःचाच फोटो कशाला गं भिंतीवर? आबांचा करायचास." म्हटलं, आत्या, अगं चेहरा माझा असला तरी आत सगळे तुम्हीच आहात, आबा पण आहेत. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे गेलेले आणि असलेले एकाच फ्रेममध्ये?" आता यावर मी काय बोलणार, पण ज्यांच्या घरात हे मानतात त्यांनी आधीच विचारून घ्या, प्रिंट काढल्यावर भांडण नको. आमच्याकडे आईने एका वाक्यात मिटवलं, की लग्नाच्या ग्रुप फोटोत पण निम्मे गेलेलेच आहेत, तो नाही का लावलाय हॉलमध्ये.

फोटो गोळा करणं हेच खरं काम, सॉफ्टवेअर त्यामानाने किरकोळ. आमच्याकडे तीन थर निघाले. एक आजीच्या ट्रंकेतले ब्लॅक अँड व्हाइट, स्टुडिओत खुर्चीवर हात ठेवून काढलेले. दुसरा ऐंशी-नव्वदच्या काळातले कलर प्रिंट, ते चिकट पानांचे अल्बम असतात ना वर प्लास्टिकचा कागद असलेले, त्यात. आणि तिसरा फोनमधला समुद्र. त्या चिकट अल्बममधून फोटो ओढून काढायला जाऊ नका, मागचा गोंद इतका घट्ट धरतो की फोटो मधोमध फाटतो, त्यापेक्षा पानच्या पान स्कॅनरवर पालथं घाला आणि नंतर एकेक फोटो क्रॉप करा. स्कॅनर नसेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप आहे, ते एकाच फोटोचे वेगवेगळ्या कोनातून शॉट घ्यायला लावतं आणि ते जोडून वरची चमक काढून टाकतं, प्लास्टिकच्या कागदावर ट्यूबलाइट चमकते त्याला हे बरं पडतं. दुपारी खिडकीजवळ बसून केलं तर अजून चांगलं.

आता एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती आणि जिच्यामुळे निम्मा ताप कमी झाला. सगळे म्हणतात व्हॉट्सॲपवरून फोटो नको, क्वालिटी जाते, मूळ फाइल पाठव. मोझॅकच्या चौकोनासाठी मूळ फाइल लागतच नाही! हिशेब करा. दोन फूट बाय तीन फूट प्रिंट, म्हणजे २४ बाय ३६ इंच. चौकोन अर्ध्या इंचाचा धरला तर आडवे ४८ आणि उभे ७२, एकूण ३,४५६ चौकोन. प्रिंट ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा, काढला तरी अर्ध्या इंचात मावतात फक्त १५० पिक्सेल. व्हॉट्सॲपने कितीही चेपलेला फोटो असला तरी तो याच्या कैक पट मोठा असतो. तेव्हा दुबईच्या दादाला आणि नागपूरच्या मावशीला बिनधास्त ग्रुपवर टाकायला सांगा. मूळ मोठी फाइल हवी ती फक्त मुख्य फोटोची, आणि ती सुद्धा लोकांना वाटते तितकी मोठी नको, कारण शेवटी तिचे पण चौकोनच होणार आहेत.

फक्त व्हॉट्सॲपचं फोल्डर जसंच्या तसं उचलून सॉफ्टवेअरला देऊ नका. त्यात काय काय असतं तुम्हाला माहितीये. शुभ सकाळचे गुलाब, लाइटबिल, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात, कुणाच्या तरी फ्लॅटचा प्लॅन, दहावीच्या निकालाचा स्क्रीनशॉट. सॉफ्टवेअरला काय कळणार कोण घरचं कोण बाहेरचं, त्याला रंग जुळला की झालं, लाइटबिल पांढरंशुभ्र असतं म्हणून ते हमखास डोळ्याच्या पांढऱ्या भागात जाऊन बसणार. एकच फोटो पाच जणांनी फॉरवर्ड केलेला असतो तो प्रकार वेगळाच, त्याला डुपगुरू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सारखे दिसणारे फोटो शोधून समोर ठेवतं, मग आपण बघून उडवायचे. आयफोनवाल्यांचे फोटो हाईक (HEIC) फॉरमॅटमध्ये येतात, ते आधीच जेपीजी करून घेतलेले बरे. आणि ग्रुप फोटोंचा मोह आवरा. मांडवातल्या चाळीस माणसांचा फोटो अर्ध्या इंचात नुसता खिचडी दिसतो, त्यातून एकदोन चेहरे क्रॉप करून वेगळे फोटो करा, एका ग्रुप फोटोतून दहा चांगले चौकोन निघतात. सॉफ्टवेअर चौकोनात बसवताना आडव्या फोटोच्या कडा छाटतं हे पण लक्षात ठेवा. आमचा धाकटा मामा प्रत्येक फोटोत एकदम कडेला उभा असतो, तो हाताने क्रॉप केला नसता तर अख्ख्या मोझॅकमध्ये त्याची फक्त कोपरं आली असती.

मुख्य फोटो निवडताना छान दिसणारा नको, ठसठशीत हवा. चेहरा फ्रेमभर, मागे साधी भिंत, उजेड एका बाजूने, म्हणजे नाकाची आणि गालाची सावली स्पष्ट पडते. साडीवर बारीक बुट्टे, कानात झुमके, नथीचे मोती असलं सगळं अर्ध्या इंचाच्या चौकोनात वाहून जातं. मी साधा गडद कुर्ता घालून खिडकीशेजारी लेकीकडून काढून घेतला. तो चालेल का हे बघायची सोपी युक्ती, फोनवर फोटो अंगठ्याएवढा छोटा करा आणि डोळे किलकिले करून बघा, तरी तुम्ही तुम्हीच दिसत असाल तर चालेल.

हे किलकिले करण्याचं गमतीशीर आहे. बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या लिऑन हार्मनने १९७३ मध्ये अब्राहम लिंकनचा चेहरा जेमतेम अडीचशे चौकोनांत बसवून दाखवला होता, प्रत्येक चौकोन एकाच करड्या छटेचा. जवळून बघितलं तर नुसत्या फरशा, आणि डोळे मिटत आणले की लिंकन. कारण चौकोनांच्या धारदार कडाच डोळ्याला फसवतात, त्या पुसट झाल्या की चेहरा वर येतो. मग साल्वादोर दाली या चित्रकाराने त्यावरूनच मोठं पेंटिंग केलं, त्या पेंटिंगच्या नावातच लिहिलंय की वीस मीटरवरून त्याचा लिंकन होतो. आपण आता बघतो तो फोटोंचा मोझॅक लोकप्रिय केला रॉबर्ट सिल्व्हर्सने, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये शिकत असताना, नव्वदच्या दशकात, आणि त्याचं अमेरिकन पेटंट त्याला २००० साली मिळालं. तेव्हा त्याला जे करायला लॅब लागली ते आपण स्वयंपाक होईपर्यंत करतोय.

आता सॉफ्टवेअर. दिसायला साधं आहे, चकाचक काही नाही, मला ते आवडलं. मुख्य फोटो द्या, मग फोटोंची लिस्ट तयार करा, म्हणजे फोल्डर जोडायचं आणि ते एकेक फोटो तपासून त्याची नोंद ठेवतं. हा भाग एकदाच करायचा, नंतर सेटिंग कितीही वेळा बदललं तरी तीच लिस्ट वापरता येते. त्याआधी इरफानव्ह्यू नावाच्या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमधून सगळे फोटो एकदम छोटे करून घेतले तर जुना लॅपटॉप पण तक्रार करत नाही. नंतर चौकोन किती, प्रिंटचा साइज किती, आणि तीन गोष्टी ज्या नीट समजून घ्यायच्या.

एक, तोच फोटो जास्तीत जास्त किती वेळा वापरायचा. तुमच्याकडे आठशे फोटो आणि चौकोन ३,४५६, म्हणजे प्रत्येक फोटो सरासरी चारदा तरी येणारच, गणितच आहे ते. एकदाच वापर असा हट्ट धरायचा तर चौकोन मोठे करा नाहीतर नातेवाईक वाढवा. दोन, तोच फोटो पुन्हा यायच्या आधी मध्ये किती अंतर हवं. हे कमी ठेवलं की कपाळावर एकाच काकूंची रांग लागते. मागची भिंत एकरंगी असेल तर तिथे पण हीच भीती. तीन, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, रंग बदलायची टक्केवारी.

ही टक्केवारी म्हणजे काय तर सॉफ्टवेअरला तुम्ही किती लबाडी करायची परवानगी देताय. शून्य ठेवलं तर फोटोला हात न लावता जसा आहे तसा बसवणार. वाढवत गेलात की प्रत्येक फोटोवर मुख्य फोटोचा रंग चढवत जाणार. खूप वाढवलं की मोझॅक लांबून एकदम झकास, फोटोच वाटतो, पण जवळ जाऊन बघा तर आजी जांभळी, बाळ राखाडी, आणि हळदीच्या फोटोत हळदच नाही. मग एवढे फोटो गोळा कशाला केले? मी शून्यावर करून बघितलं तर चेहरा जरा फाटका फाटका दिसत होता, हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो कळेना. शेवटी दहा-पंधरा टक्क्यांच्या मध्ये थांबले. तिथे माणसं त्यांच्या रंगात राहतात आणि मी पण ओळखू येते. फोटो आरशासारखे उलटे फिरवायची मुभा पण देता येते, त्याने जुळणी सुधारते, फक्त मग डावा खांदा सोडून उजव्या खांद्यावर पदर येतो आणि शर्टाचं बटण उलट्या बाजूला, ज्यांना असलं खुपतं त्यांनी बंद ठेवा.

आणि मग ते बनतं. यात खरी मजा अशी की कोण कुठे गेलं हे तुम्ही ठरवत नाही, रंग ठरवतो. माझे केस कशाचे झाले तर दिवाळीच्या रात्रीच्या फोटोंचे, काळंभोर अंगण, मध्ये एक भुईनळा, आणि लाइट गेल्यावर मेणबत्तीवर कापलेल्या केकचे. गाल आणि कपाळ सगळं हळद आणि जुने कलर प्रिंट. त्या ऐंशीच्या काळातल्या प्रिंटमधला निळसर रंग अल्बमच्या अंधारात पण उडत जातो आणि फोटो लालसर होतात, आपण म्हणतो खराब झाले, पण कातडीच्या रंगाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. फोटोशॉपमध्ये बसून ते दुरुस्त करायचा विचार असेल तर मोझॅकपुरता तरी करू नका, आहेत तसेच घाला. भिंतीच्या जागी महाबळेश्वरचं धुकं, ज्या सहलीत कुणालाच काही दिसलं नव्हतं आणि काकांनी तरी अख्खा रोल संपवला होता, ते फोटो आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाला आले. आणि कानाजवळ जे माझे केस पांढरे झालेत, रंगवत नाही मी, तिथे बरोब्बर सगळे ब्लॅक अँड व्हाइट. आबा, आजी, पणजोबा, टोपी घातलेले कुणी एक ज्यांचं नाव आता कुणालाच माहीत नाही. हे मी मुद्दाम करायला गेले असते तर जमलं नसतं. आत्याला तो भाग मोठा करून पाठवला, तिचं उत्तर आलं, "आबा कानाशीच बसलेत, आता तरी ऐक त्यांचं."

कुठे अडलं तर कुर्त्यापाशी. कुर्ता गडद हिरवा, आणि हिरवा फोटोच नाही, तर तिथे काळपट काहीतरी बसवून दिलं. माझं घरच्यांना आता सांगणं आहे की कधीतरी शेतात, झाडाखाली, समुद्रावर पण उभे राहा, प्रत्येक वेळी सोफ्याच्या मागच्या भिंतीशीच काय. तुम्ही करणार असाल तर मुख्य फोटोतले कपडे आपल्या स्टॉकमध्ये असलेल्या रंगाचे घाला, लाल, तपकिरी, काळे, हा सोपा उपाय.

ऑनलाइन सेवेचं पण सांगते, कारण आधी मी तिकडेच गेले होते, पैसे भरून. नाव देत नाही. फोटो अपलोड करा, बाकी आम्ही बघतो, असा कारभार. आलं ते लांबून सुंदर होतं, पण झूम केल्यावर कळलं की खाली फोटो कसेही एकामागे एक मांडलेत आणि वरून माझा फोटो अर्धा पारदर्शक करून थापलाय, म्हणजे शाळेच्या वहीवर ट्रेसिंग पेपर ठेवतात तसं. जुळवणी कसली नाहीच. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे मॅडम हीच आमची स्टाइल आहे. बरं, स्टाइल. ओळखायचं कसं ते सांगते: एखाद्या चौकोनात झूम करा, त्या फोटोतल्या माणसाच्या तोंडावरून तुमच्या भुवईची किंवा नाकाची रेघ सरळ पार जात असेल तर तो मोझॅक नाही, तो वर चढवलेला फोटो आहे. ऑर्डर देण्याआधी त्यांच्याकडचा नमुना मागा आणि असं करून बघा. शिवाय घरातल्या लहान पोरांचे आंघोळीचे-बिंघोळीचे फोटो कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर चढवायचे ही कल्पनाच मला नंतर नकोशी वाटायला लागली. ॲन्ड्रियामोझॅक आपल्याच मशीनवर चालतं, फोटो घराबाहेर जात नाहीत, माझ्या मते हा फुकटपणापेक्षा मोठा फायदा आहे.

प्रिंटचं थोडक्यात. गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका, म्हणजे तो माणूस चांगला आहे, पण फ्लेक्स हा चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी, लांबून बघायचा माल. मोझॅक लोक नाक लावून बघणार. कॅनव्हासवर पण सगळे फोटो काढतात हल्ली, त्याची वीण अर्ध्या इंचाच्या चेहऱ्यात आडवी येते, डोळे दिसत नाहीत. फोटो लॅबमध्ये जाऊन मॅट फोटो पेपरवर काढा. २४ बाय ३६ इंच ३०० डीपीआय म्हणजे ७,२०० बाय १०,८०० पिक्सेल, जवळपास पावणेआठ कोटी पिक्सेलची फाइल, ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत तर इथे मात्र खरंच वाट लागेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन जा. आणि आधी चेहऱ्याचा एक छोटा तुकडा, डोळा आणि थोडे केस येतील असा, खऱ्या मापात साध्या साइजच्या पेपरवर काढून बघा. स्क्रीनवर उजळ दिसतं ते कागदावर एक घर गडद येतं, माझे केस सगळे एकजीव काळे आले, त्यातले भुईनळे गायब, मग उजेड वाढवून फायनल काढला. दोन तुकड्यांचे पैसे गेले, पूर्ण प्रिंटचे वाचले.

फ्रेमला प्रिंटपेक्षा जास्त खर्च आला हे मनाची तयारी असू दे म्हणून सांगते. काच साधी घेतली तर समोरची खिडकी त्यात दिसते, चमक न मारणारी घ्या, महाग आहे पण घ्याच. लावायची जागा अशी बघा की मागे दहाबारा फूट मोकळे मिळतील आणि जवळ पण जाता येईल, म्हणजे सोफ्याच्या वर नको, नाहीतर पाहुणे चपला काढून सोफ्यावर चढून स्वतःला शोधत बसतात. आमच्याकडे सध्या पॅसेजच्या टोकाला आहे. धाकटा मामा आला होता, त्याने मोजून स्वतःचे नऊ फोटो शोधले आणि विचारलं की मामीचे बारा कसे.

कुणाला सेटिंगचे स्क्रीनशॉट हवे असतील तर सांगा, टाकते. मुख्य फोटो मात्र माझा मागू नका, प्रत्येकाने आपापला काढा.